आपत्ती आणि प्रथमोपचार कॅम्प: दोन रात्री, चाळीस मुलं, नक्की काय घेऊ?

रिकामी_पाटी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजचा दरवर्षी एक निवासी कॅम्प असतो, आपत्तीत काय करायचं आणि प्रथमोपचार असा विषय. दोन रात्री तंबूत, साधारण चाळीस मुलंमुली, बहुतेक अठरा-एकोणीसची. यावर्षी सरांनी "तू बघ रे" म्हणून तो माझ्या गळ्यात मारलाय. गेल्या वर्षी मी स्वतः गेलो होतो आणि खरं सांगायचं तर अडीच दिवसांत एकोणीस विषय झाले, भूकंप पूर आग वीज साप भाजणं बुडणं सगळं, मोठ्या तंबूत प्रोजेक्टर, आणि दुपारच्या सेशनला निम्मी जनता डुलक्या काढत होती. सर्टिफिकेट सगळ्यांना मिळालं. मग परतीच्या दिवशी सामान भरताना एका मुलाचा हात पत्र्याच्या पेटीला लागून चांगलाच कापला, रक्त थांबेना, आणि आम्ही चाळीस सर्टिफिकेटवाले त्याच्याभोवती गोल करून उभे. कोणी म्हणतंय हात वर धर, कोणी म्हणतंय पाणी पाज, फर्स्ट एड बॉक्स बसच्या डिकीत सगळ्यात तळाला. शेवटी ड्रायव्हरकाकांनी खिशातला रुमाल काढला, घडी घातली आणि जखमेवर दाबून धरला, पाच मिनिटं हलले नाहीत. काका कुठल्याच कॅम्पला गेले नव्हते हे सांगायला नको.

तर मला यावेळी असं करायचंय की निदान ते रुमाल दाबण्याइतकं तरी सगळ्यांना येईल. विषय किती ठेवू? खोटे जखमी करतात ते कसं जमवायचं? आणि पोरांचा आग्रह आहे की रात्री दोनला अचानक उठवून ड्रिल घ्या, सर म्हणतात अजिबात नको. मी मधल्यामधे. ज्यांनी असे कॅम्प घेतलेत त्यांनी जरा मनमोकळं लिहा.

खुंटी_आणि_दोर

तुझा अर्धा कॅम्प तुझ्या प्रश्नातच आलाय रे. ड्रायव्हरकाकांना बोलवा आणि पहिलं सेशन त्यांनाच द्या, मस्करी करत नाहीये.

मी बारा-तेरा वर्षं असे कॅम्प घेतोय, सुरुवातीला मीपण एकोणीस विषयवालाच होतो. आता पाचच घेतो: रक्त थांबवणं, बेशुद्ध माणूस, सीपीआर (म्हणजे श्वास थांबलेल्याची छाती दाबत राहणं), भाजणं, आणि जखमीला उचलून नेणं. बाकीचं सगळं यांच्या अवतीभवती गोष्टीतून येतं. आणि प्रोजेक्टर घरी ठेवा. माझा नियम असा की दहा मिनिटं बोलायचं आणि पुढची चाळीस मिनिटं पोरांचे हात चालले पाहिजेत. सहाच्या वर कोणाचा गट नको, नाहीतर दोघं करतात आणि बाकीचे बघे होतात.

भाजण्याचं एक उदाहरण देतो म्हणजे कळेल काय म्हणतोय ते. भाजलेल्या जागेवर गार वाहतं पाणी वीस मिनिटं धरायचं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, परीक्षेत लिहितात. मी काय करतो, एकाचा हात "भाजलाय" असं ठरवतो, दुसऱ्याच्या हातात पाण्याचा मग देतो, बादली शेजारी, आणि सांगतो की तुला वाटेल वीस मिनिटं झाली तेव्हा थांब. घड्याळ माझ्याकडे. बहुतेक जण चार मिनिटांच्या आत थांबतात आणि वर म्हणतात झाली की सर! मग घड्याळ दाखवलं की चेहरा बघण्यासारखा असतो. तेव्हाच त्यांच्या लक्षात येतं की पाणी संपणार, हात भरून येणार, जखमी कुडकुडायला लागणार, म्हणजे अजून एक माणूस लागणार आणि बाकीचं अंग पांघरुणानं झाकायला लागणार. अंगठी बांगडी घड्याळ लगेच काढायचं, सूज आल्यावर निघत नाही, हेपण तिथेच कळतं कारण कोणाच्या तरी बोटात अंगठी असतेच.

उचलून न्यायचं तसंच. दोन काठ्या आणि एक ब्लँकेट, स्ट्रेचर सगळ्यांना करता येतो, फोटोपण छान येतो. आता त्यावर गटातला सगळ्यात किरकोळ पोरगा झोपतो कारण तो उचलायला हलका! मी उलट करतो, सगळ्यात दणकट माणूस झोपवायचा आणि खडबडीत वाटेनं फक्त दोनशे मीटर न्यायचा. चार जणांनी निघतात, शंभरावर पाय लटपटतात. मग आपोआप सहा जण, बाजूला बदली माणसं, आणि एकानं हुकूम द्यायचा बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं, हे सगळं ते स्वतःच शोधून काढतात. आणि आधी रिकामा स्ट्रेचर जमिनीपासून वीतभर उचलून, मग तुमच्यातल्याच एकाला झोपवून परत वीतभर उचलून बघा. आमची एकदा काठी मोडली होती, नशीब वीतभरच होती.

रात्रीच्या ड्रिलबद्दल मी सरांच्या बाजूनं. कारण लिहितो नंतर, आता जेवायला हाक आलीये.

बुधवारची_नाईट

मी नर्स आहे, इमर्जन्सीत काम करते. वरच्या दादांनी लिहिलंय ते बरोबर, फक्त सीपीआरवर थोडं सविस्तर लिहू दे कारण कॅम्पमधून शिकून आलेले लोक आमच्याकडे येतात आणि काय काय करतात ते बघून कपाळाला हात लावायची वेळ येते.

हाक मारून खांदे हलवून प्रतिसाद नाही, आणि श्वास नाही किंवा मधूनच गचके दिल्यासारखा श्वास आहे, तर तो श्वास नाही असंच धरायचं. या गचक्यांनीच लोक फसतात, "अहो श्वास चालू आहे की" म्हणून थांबतात. कोणीतरी एकानं फोन करायचा आणि एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) जवळपास असेल तर आणायला पळायचं, पण "कोणीतरी फोन करा" असं म्हणायचं नाही, बोट दाखवून "निळा शर्ट, तू फोन कर आणि मला येऊन सांग". मग छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकलेलं असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास, नसेल तर नुसतं दाबत राहा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलो नाही असं वाटलं तरी बदला, कारण दमल्याचं दाबणाऱ्याला कळायच्या आधी दाबाच्या खोलीत कळतं.

पोरांची ठरलेली चूक म्हणजे कोपर वाकवून हातानं दाबतात. कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, आणि कमरेतून वजन टाकायचं. तेवढं एक सुधारलं की पन्नास किलोची मुलगीपण व्यवस्थित दाबते. मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठेका देणारं अ‍ॅप घ्या, मिनिटाला ११० वर लावा, मोठ्यानं वाजवा. सीपीआरच्या सरावाचे पुतळे कमीत कमी सात-आठ मिळवा, उसने आणा, कारण एका पुतळ्यामागे चाळीस जणांची रांग लावलीत तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस सेकंद येतात आणि तीस सेकंदात कोणीच दमत नाही. दमलं पाहिजे, तेच शिकायचंय. जिवंत माणसाच्या छातीवर सराव अजिबात नाही, मस्तीतपण नाही.

त्या पुतळ्याची गोष्ट पोरांना सांगा, त्या निमित्तानं ऐकतात. १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्यानं तो बनवला आणि त्याचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या म्हणतात त्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला. ती कोण होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

रक्ताचं काकांनी केलं तेच, थेट दाब, आणि "थांबलं का बघू" म्हणून दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघायचं नाही. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा, शिकवणार असाल तर नीट शिकवा: फक्त हात किंवा पाय, जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, दाबून थांबत नसलेल्या जोरदार रक्तस्रावालाच, आणि बांधल्याची वेळ लिहायची. साप चावला म्हणून मात्र दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही. हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. आणि साप पकडून दवाखान्यात आणू नका, हात जोडते. आम्हाला एक पेशंट पुरतो.

शिट्टी

वरच्या नर्सताईंना +१. साप पिशवीत घालून आणणारे लोक खरंच असतात का? 😳

बुधवारची_नाईट

@शिट्टी, पिशवीत असला तर नशीब म्हणायचं.

पडलेला_जखमी_क्र_७

मी शिकवणारा वगैरे नाही, तीन वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून गेलो होतो आणि आम्हाला "इमारत पडलीय" असा सीन दिलेला. मी जखमी नंबर ७. गळ्यात कार्ड अडकवलं, त्यावर लिहिलेलं की श्वास मिनिटाला ३६, बोललेलं समजत नाही, आणि मला सांगितलं की बाकांच्या मागे ताडपत्रीखाली पडून राहा आणि आवाज काढू नको. माझ्याशेजारी जखमी नंबर ४ होती, तिचा हात मोडलेला, तिला सांगितलेलं जमेल तितकी बोंब मार. ती अशी काही ओरडत होती की सगळे बचाववाले तिच्याकडेच धावले. पाच जण एका हाताभोवती, एक झोळी बांधतोय, एक पाणी देतोय, एक धीर देतोय. मला सापडायला सव्वीस मिनिटं लागली, तेपण एकाचा पाय माझ्या पायावर पडला म्हणून. ताडपत्रीखाली गरम होत होतं, मुंग्या चावत होत्या आणि मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. एकजण माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून म्हणाला "इकडचं क्लिअर आहे".

नंतर चर्चेत मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, सात नंबरला पहिल्यांदा कोणी हाक मारली? सगळे गप्प. ते मी आयुष्यात विसरणार नाही, आणि पाचातला तो झोळी बांधणारापण विसरणार नाही, आता माझा चांगला मित्र आहे.

म्हणून माझं मत, कोण आधी कोण नंतर हे लावायचं शिकवाच. आम्हाला स्टार्ट पद्धत शिकवली होती, १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली, सोपी आहे. पहिले ओरडून सांगायचं "चालता येतं त्यांनी इकडे या", ते हिरवं कार्ड, म्हणजे थांबू शकतात. मग राहिलेल्यांकडे एकेक करून, प्रत्येकाला मिनिटाच्या आत. श्वास नसेल तर मान मागे करून श्वासनलिका मोकळी करायची, तरी नाही तर काळा, सुरू झाला तर लाल, म्हणजे याला सगळ्यात आधी. श्वास ३० च्या वर असेल तर लाल. मनगटाला नाडी लागत नसेल तर लाल. साधी सूचना कळत नसेल, म्हणजे "माझं बोट दाब" म्हटल्यावर दाबत नसेल, तर लाल. बाकीचे पिवळे, म्हणजे लालनंतर. ओरडणारा निदान श्वास घेतोय, गप्प पडलेल्याकडे आधी जा.

तिरकं_बोलतो

थोडा विरोध करतो. अठरा वर्षांच्या पोरांच्या हातात काळं कार्ड देऊन "हा मेला, पुढे चला" म्हणायला लावायचं, याची खरंच गरज आहे का? प्रत्यक्षात ते काम प्रशिक्षित लोक येऊन करणार. पोरांनी स्वतः सुरक्षित राहावं, नीट फोन करावा, रक्त थांबवावं, झालं. दोन रात्रीत सगळ्यांना हिरो करायला जाऊ नका, अर्धवट हिरोच पुरात उडी मारतात.

खुंटी_आणि_दोर

जेवून आलो. @तिरकं_बोलतो, पुराचं बोललात ते लाख मोलाचं. जोरात वाहणारं पाणी फक्त १५ सेंटीमीटर असलं, म्हणजे घोट्याच्या जरा वर, तरी मोठ्या माणसाचे पाय घसरवतं, आणि ६० सेंटीमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. आम्ही हे मैदानातच शिकवतो, नदीवर अजिबात नेत नाही. काठी पुढे करा, नाहीतर दोर किंवा तरंगणारं काहीतरी फेका, पाण्यात उतरायचं नाही. दोर फेकायची स्पर्धा लावा, पंधरा मीटरवर उभ्या केलेल्या पोराच्या हातात पहिल्या फेकीत दोर गेला तर पार्टी. दहात एखाद्याचा जातो. वाटतं तितकं सोपं नाही.

पण कार्डांबद्दल मी सात नंबरच्या बाजूनं, फक्त काळं कार्ड मी वगळतो. लाल पिवळं हिरवं तीन पुरे. मुद्दा एवढाच बसवायचा की आवाजाच्या मागे धावू नका. दर पाच मिनिटांनी एक शिट्टी आणि सगळे एकदम चिडीचूप, कान देऊन ऐकायचं, मग हाक मारायची आणि उत्तराची वाट बघायची. ढिगाऱ्यात शोध घेणारी पथकंपण हेच करतात.

आता रात्रीच्या ड्रिलचं. आमच्या एका कॅम्पला पहाटे तीनला भोंगा वाजवून सगळ्यांना उठवलं, कल्पना माझीच, मला तेव्हा फार भारी वाटलेली. अंधार, धूर करायचं मशीन, स्पीकरवर रेकॉर्ड केलेला आरडाओरडा. जखमी ठरवलेल्या पोरांमधली एक मुलगी जमिनीवर बसून छाती धरून धापा टाकत होती. बचाव करणारा पोरगा तिच्याजवळ जाऊन मला ओरडून सांगतो "सर हिची अ‍ॅक्टिंग बघा, एक नंबर!" आणि मी, मी स्वतः, अंगठा दाखवला. तिला दमा होता. धुरानं खरा अटॅक आला होता. तिच्या मैत्रिणीनं पंप आणून दिला म्हणून निभावलं, ती बरी झाली, दुसऱ्या दिवशी हसतपण होती. मी हसलो नाही. पुढचे सहा महिने तो अंगठा माझ्या डोळ्यासमोर होता.

आणि त्याच रात्री दुसऱ्या तंबूतला एक मुलगा भोंगा ऐकून जो थिजला तो तासभर बोललाच नाही. नंतर कळलं, लहानपणी घरात पाणी शिरलं तेव्हा त्याचं कुटुंब रात्रभर छपरावर होतं. फॉर्ममध्ये हा प्रश्नच नव्हता, मग तो सांगणार कुठे?

तेव्हापासून आम्ही एक शब्द ठेवतो. ड्रिल चालू असताना कोणीही तो उच्चारला की सगळं जागच्या जागी थांबतं, दिवे लागतात. शब्द असा पाहिजे की नाटक करताना तोंडातून येणारच नाही. "खरंच दुखतंय", "वाचवा", "थांबा" काहीच चालत नाही, कारण जखमी लोक तेच ओरडतात. आमचा शब्द "भोपळा" आहे. हसा, पण दर कॅम्पला एकदातरी लागतोच, मागच्या वेळी ताडपत्रीखाली विंचू निघाला तेव्हा लागला. लष्करी सरावातपण रेडिओवर "नो डफ" म्हणतात, म्हणजे हे सोंग नाही, खरं आहे.

रात्रीचं ड्रिल घ्यायचंच असेल तर आधी सांगून घ्या. रात्री नऊला घ्या, अंधार तेवढाच असतो. झोपेतून उठवून काही जास्तीचं शिकतात असं माझ्या बघण्यात नाही, पडतात मात्र नक्की, तंबूच्या दोरांना अडकून.

बुधवारची_नाईट

दम्याचं वाचून काटा आला. फॉर्ममध्ये दमा, फिट्स, अ‍ॅलर्जी, मधुमेह, चालू औषधं हे विचाराच, आणि तो कागद ऑफिसच्या फाईलमध्ये नाही तर कॅम्पवर एका जबाबदार माणसाच्या खिशात पाहिजे. पंप ज्याचा त्याच्या अंगावर, सॅकमध्ये नाही. आणि "मला या ड्रिलमध्ये भाग घ्यायचा नाही" असं कारण न सांगता म्हणायची मुभा द्या, अशांना वेळ नोंदवायचं काम द्या, तेपण लागतंच.

आणि एक, सगळे भूकंप न् पुराच्या मागे आहेत पण कॅम्पवर खरोखर येणारे पेशंट म्हणजे टाचेला आलेले फोड, मुरगळलेला घोटा, उन्हानं गरगरणं आणि जुलाब. जुलाबासाठी मीठ-साखरेचं पाणी सगळ्यांकडून करून घ्या: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. सपाट म्हणजे सपाट, शीग लावून घातलंत तर फायद्यापेक्षा तोटा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि परत करा.

शिट्टी

विजेचं कोणी बोललंच नाही. ढग आले तर तंबू म्हणजे आसरा नाही हे पोरांच्या डोक्यात पक्कं घाला, पक्की इमारत किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी, मधलं काही नाही. चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. म्हणजे बस कॅम्पवरच थांबलेली पाहिजे, सोडून परत जाणारी नको, बुकिंग करतानाच बोला. आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही, लोक उगाच लांब उभे राहतात.

पडलेला_जखमी_क्र_७

खोट्या रक्तासाठी एक सल्ला, मध किंवा साखरेचा पाक वापरू नका. मुंग्या का चावत होत्या ते मला फार उशिरा कळलं. ग्लिसरीनमध्ये लाल रंग घाला.

रिकामी_पाटी

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. सात नंबर, तुझी गोष्ट मी आमच्या ग्रुपवर टाकलीये, चालेल ना?

सरांशी बोललो. विषय पाच. प्रोजेक्टर बाद. पुतळे दोन मिळतायत, अजून पाच-सहांसाठी शेजारच्या कॉलेजला विचारलंय. ड्रिल नऊ वाजता, दुपारीच सांगून. फॉर्ममध्ये दम्याचा रकाना टाकला तर दोन दिवसांत चार जणांनी टिक केलं, त्यातला एक माझा रूममेट आहे आणि मला वर्षभर माहीत नव्हतं. आमचा शब्द अजून ठरत नाहीये, पोरांनी सुचवलेले सगळे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. बॉक्स यावेळी डिकीत नाही, माझ्या सीटखाली.

ड्रायव्हरकाकांना फोन केला. ते येतायत, बसपण थांबणार आहे. सेशन घ्यायला मात्र लाजतायत, म्हणाले मला बोलता येत नाही, पण जखमी म्हणून झोपायला सांगा, झोपतो.

खुंटी_आणि_दोर

काकांचं वजन किती?

रिकामी_पाटी

पंच्याण्णव.

खुंटी_आणि_दोर

उत्तम. स्ट्रेचरला त्यांनाच घे. काठ्या जाड आण.